कळपाबाहेरची माणसे

बंगळूरला बदली होऊन आलेल्या मराठी माणसाची शिवाजीनगराशी ओळख फार लवकर होते. पत्त्यात ते नाव वाचून तो मनोमन सुखावतो आणि तेथे गेल्यावर थोडा चकित होतो. कारण पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या भागाचे सर्वांत ठळक चिन्ह म्हणजे सेंट मेरीचे उंच मनोऱ्याचे ख्रिस्ती देऊळ. ऑगस्टअखेरपासून नऊ दिवस तेथे प्रार्थना चालतात आणि ८ सप्टेंबरला मारियामातेच्या जन्मोत्सवाला सारा रस्ता माणसांनी भरून जातो. मूर्तीला साडी नेसवलेली असते. भगव्या साड्या नेसलेल्या स्त्रिया हातात मेणबत्त्या घेऊन रांगेत उभ्या असतात. वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा ज्याने पाहिली आहे, त्याला हे दृश्य परके वाटत नाही. त्या गर्दीत ख्रिस्ती किती आणि इतर किती, ह्याची मोजदाद कोणी करीत नाही.

ही गर्दी पाहताना आमच्या मनात एक प्रश्न वारंवार आला आहे. ज्या धर्मात आपण जन्मलो नाही आणि ज्यात शिरण्याचा आपला विचारही नाही, त्याच्या दारात माणूस विश्वासाने उभा राहतो, तो विश्वास कोणी कमावलेला असतो? श्रद्धेचे उत्तर श्रद्धावंतांनी द्यावे. परंतु इतिहासाकडेही ह्या प्रश्नाचे एक उत्तर आहे, आणि ते काही थोड्या पाळकांच्या चरित्रांत सापडते.

हा विषय आम्हां सरकारी नोकरांना वाटतो तितका दूरचा नाही. आम्हीही जेथे नेमले जातो तेथली माणसे आम्ही निवडलेली नसतात, आणि त्यांनीही आम्हांला निवडलेले नसते. भाषा वेगळी, जेवण वेगळे, सण वेगळे. हातात असतो तो नेमणुकीचा कागद. त्या कागदाने अधिकार मिळतो, विश्वास मिळत नाही. परक्या मुलखात माणसांचा भार कोणत्या हेतूने उचलावा आणि कोणत्या रीतीने वाहावा, हा प्रश्न पाळकाइतकाच अंमलदारालाही विचारता येतो.

ख्रिस्ती परंपरेने ह्या प्रश्नाचा विचार फार आरंभापासून केलेला आहे. नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडिलांना उद्देशून तीन पथ्ये सांगितली आहेत. त्यांचा आशय असा: कळपाची राखण गळ्यात पडले म्हणून करू नये, मनापासून करावी, द्रव्याच्या लोभाने करू नये, उत्साहाने करावी, आणि हाती सोपवलेल्या माणसांवर धनीपण गाजवू नये, स्वतःचे वर्तन त्यांच्यापुढे ठेवावे. योहानाच्या शुभवर्तमानात चांगला मेंढपाळ आणि मोलकरी ह्यांतला भेद सांगितला आहे: लांडगा येताना दिसला की मोलकरी पळतो, कारण मेंढरे त्याची नसतात. ह्या कसोट्यांना इतिहास वाचताना आम्हांला आणखी एक जोडावीशी वाटते. पाळक आपल्या कळपाशी कसा वागतो हे त्याचा कळप सांगेल. परंतु जो कधीही त्याच्या कळपात येणार नाही त्याच्याशी तो कसा वागतो, ह्यावरून त्याच्या हेतूची पारख अधिक खरी होते.

ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण मराठी राज्यातच घडले, आणि त्या राज्याची वाट बंगळूरहूनच निघते. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. त्यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी राजे इथूनच दक्षिणेकडे गेले आणि १६७५-७६ च्या सुमारास त्यांनी तंजावरास मराठी गादी स्थापिली. कावेरीच्या काठी ती पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकली. त्या गादीवर तुळजाजी राजे असताना, १७६९ मध्ये, दरबारात एक जर्मन पाळक प्रथम आला. त्याचे नाव ख्रिश्चन फ्रीड्रिक श्वार्ट्झ.

श्वार्ट्झ ह्यांचा जन्म १७२६ चा, प्रशियातील सोनेनबुर्ग गावचा. हाले येथील विद्यापीठात शिकून ते १७५० मध्ये डेन्मार्ककरांच्या ताब्यातील तरंगंबाडी बंदरात उतरले आणि पुन्हा कधीही युरोपात परतले नाहीत. त्यांनी लग्न केले नाही. तमिळ तर त्यांची बोलीच झाली. शिवाय ते फारसी आणि हिंदुस्थानी शिकले, आणि तंजावरच्या दरबारात लोक जी भाषा बोलतात तीच बोलावी म्हणून मराठीही शिकले. त्रिचनापल्लीच्या इंग्रज छावणीतील धर्मसेवेबद्दल त्यांना वर्षाला शंभर पौंड मिळू लागले, तेव्हा त्यांतले निम्मे ते मंडळीच्या कामाला लावू लागले. अंगात साधा काळा सुती झगा, जेवणात भात आणि भाजी, राहायला छोटीशी खोली. ज्या काळी कंपनीचा सामान्य कारकूनही हिंदुस्थानातून गबर होऊन परतण्याची स्वप्ने पाहत असे, त्या काळी हे राहणे लोकांच्या नजरेत भरल्यावाचून राहिले नसेल.

१७७९ च्या पावसाळ्यात मद्रासच्या सरकारने त्यांच्यावर एक अवघड काम सोपवले. हैदर अली आणि इंग्रज ह्यांच्यामधले संबंध बिघडत चालले होते. हैदरचा इंग्रज वकिलांवर विश्वास उरला नव्हता. परंतु हा ख्रिस्ती पाळक फसवणार नाही, त्याला पाठवा, असे त्याने कळवले होते, असे सांगतात. श्वार्ट्झ श्रीरंगपट्टणास गेले, हैदरला भेटले, आणि इंग्रजांना शांतता हवी आहे असा निरोप त्यांनी दिला. परतीच्या वाटेला लागताना पालखीत तीनशे रुपयांची थैली ठेवलेली आढळली. ती हैदरने प्रवासखर्चासाठी दिली होती. त्यांनी ती परत करू पाहिली, पण सेवकांनी घेतली नाही. तेव्हा मद्रासला येऊन त्यांनी ती सरकारजमा केली. सरकारनेही ती त्यांनीच ठेवावी असा आग्रह धरला, तेव्हा तंजावरास गरीब मुलांच्या शाळेसाठी ती रक्कम मूळ निधी म्हणून लावण्याची परवानगी त्यांनी मागून घेतली.

थैलीची ही गोष्ट गोड आहे, म्हणून ती चरित्रकार सांगतात. तिच्या पुढची गोष्ट कडू आहे. श्वार्ट्झ जो शांततेचा निरोप घेऊन गेले होते, तो पाठवणाऱ्यांच्या मनात पक्का नव्हता. हैदरने आपल्या संरक्षणाखालील मानलेले माहे इंग्रजांनी त्याच वर्षी घेतले होते. गुंटूरच्या प्रकरणाने त्यात भर पडली. १७८० च्या जुलैमध्ये हैदरचे सैन्य घाट उतरून कर्नाटकात शिरले आणि मद्रासच्या आसपासचा मुलूख जळू लागला. एका प्रामाणिक माणसाचा शब्द अप्रामाणिक धोरणाने वापरून घेतला होता. ह्या जागी येऊन आम्ही नेहमी थांबतो. ज्याने सरकारी कागदावर सही केली आहे, त्याला हा प्रसंग परका वाटणार नाही: आपण दिलेले आश्वासन आपल्या वरच्यांनी मोडले, तर आपण कोण ठरतो? हैदरने मात्र ह्या दोहोंतला फरक ओळखला. ह्याच स्वारीत श्वार्ट्झ ह्यांना अडवू नये, त्यांना आदराने जाऊ द्यावे, असा हुकूम त्याने आपल्या सरदारांना दिल्याचे त्यांचे चरित्रकार नोंदवतात.

युद्धामुळे तंजावरच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली. भोवतालच्या गावांत धान्य होते. ते आणायला बैल नव्हते, आणि बैल होते ते शेतकरी देईनात. पूर्वी राजाच्या आणि कंपनीच्या माणसांनी बैल नेले होते, धान्य नेले होते आणि दाम बुडवले होते. तेव्हा राजांनीच कबूल केले की, आमची सर्वांची पत गेली आहे. लोक ह्या पाळकावर तरी विश्वास ठेवतात का ते पाहा. श्वार्ट्झ ह्यांनी गावोगाव पत्रे धाडली आणि दाम आपण स्वतः चुकते करू असे कळवले. एकदोन दिवसांत हजारावर बैल आले आणि पुढे किल्ल्यात सुमारे ८०,००० कलम धान्य येऊन पडले. त्यांनी शेतकऱ्यांचे पैसे चुकते केले. त्यानंतरच्या वर्षांत जुलमाला कंटाळून हजारो कुळे मुलूख सोडून गेली, शेते पडीक राहिली. तेव्हाही त्यांच्याच शब्दावर कुळे परतू लागली. एका दिवसात ७,००० माणसे परतल्याचे त्यांनीच लिहून ठेवले आहे. ह्या शेतकऱ्यांतले बहुतेक हिंदू होते आणि हिंदूच राहिले. त्यांना त्या पाळकाच्या धर्माशी कर्तव्य नव्हते. त्याचा शब्द मात्र त्यांना पुरेसा होता.

राज्य हाती येण्याची संधी माणसाची अखेरची परीक्षा घेते. १७८७ मध्ये तुळजाजी राजे मरणाच्या दारी होते. पुत्र नव्हता म्हणून भोसले कुळातला एक दहा वर्षांचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला होता. हेच पुढचे सरफोजी राजे. राजांनी श्वार्ट्झ ह्यांना बोलावून मुलाचे पालकत्व स्वीकारण्याची विनंती केली. त्या पालकत्वाचा अर्थ उघड होता: एका श्रीमंत राज्याची सूत्रे हाती येणार होती, आणि एक राजा बाळपणापासून आपल्या धर्माच्या छायेत वाढवता येणार होता. श्वार्ट्झ ह्यांनी तो भार घेतला नाही. माझ्याकडून महिन्यातून एकदोनदा भेटणे होईल, राजवाड्यातल्या कारस्थानांतून मुलाला मी कसा राखणार, अशी अडचण त्यांनी मांडली आणि राजांचे बंधू अमरसिंह ह्यांच्याकडे कारभार द्यावा असे सुचवले.

हा सल्ला चुकला. पंडितांनी दत्तक अशास्त्र ठरवल्यावर अमरसिंह स्वतःच गादीवर आले आणि मुलाला कोंडून ठेवल्यासारखे दिवस आले; त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली. येथे मोलकऱ्याला पळवाट होती. पालकत्व आपण घेतलेच नव्हते असे म्हणता आले असते. श्वार्ट्झ ह्यांनी तसे म्हटले नाही. त्यांनी मद्रासला पत्रांमागून पत्रे लिहिली, मुलाला संरक्षण मिळवले, शिकवण्याची सोय केली, आणि १७९३ मध्ये राजपुत्राला व राजस्त्रियांना मद्रासला सुरक्षित नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे बनारसच्या पंडितांचे मत घेऊन दत्तक वैध ठरला. १७९८ च्या जूनमध्ये सरफोजी राजे गादीवर बसले. ते पाहायला श्वार्ट्झ नव्हते. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला ते वारले होते. अंत्यविधीला राजपुत्र आले आणि मुलाने बापासाठी रडावे तसे रडले.

सरफोजी राजे अखेरपर्यंत हिंदू राहिले. बृहदीश्वराच्या देवळावर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवणारे तेच. सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणणारे तेच. आणि देवनागरी ठशांचा छापखाना काढून १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापवणारेही तेच. ह्याच राजांनी जॉन फ्लॅक्समन ह्या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या किल्ल्यातील ख्रिस्ती देवळात बसवले. मृत्युशय्येवर पाळक पडलेला आहे आणि त्याचा हात हाती धरून राजा उभा आहे, असे ते शिल्प आहे. थडग्यावरच्या शिळेसाठी राजांनी इंग्रजीत काही ओळी स्वतः रचल्या. गरीब ख्रिस्ती मुलांच्या अन्नाची आणि शिक्षणाचीही सोय त्यांनी केली. कळपाबाहेरच्या माणसाने एखाद्या पाळकाला दिलेली याहून मोठी पावती आम्हांला माहीत नाही.

येथे थांबलो तर आमचे लिखाण स्तोत्र होईल. श्वार्ट्झ ह्यांच्या मंडळीतही उच्च मानलेल्या जातीचे लोक आणि अस्पृश्य मानलेले लोक वेगळे बसत. ही भिंत त्यांनी मोडली नाही. हळूहळू विरेल अशी त्यांची आशा होती. ती विरली नाही, आणि पुढे १८३३-३४ मध्ये बिशप विल्सन ह्यांना तिच्याविरुद्ध हुकूम काढावे लागले, तेव्हा मंडळ्या फुटल्या. दुसरे असे की, ज्या कंपनीच्या मदतीने त्यांनी राजपुत्राला वाचवले, त्याच कंपनीने १७९९ च्या ऑक्टोबरमध्ये तह करून त्या राजपुत्राकडून राज्याचा कारभार काढून घेतला. श्वार्ट्झ ह्यांचा हेतू तसा होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु चांगल्या माणसाच्या पतीवर सत्ता आपला व्यवहार करून घेते, हे ह्या कथेत दोनदा दिसते आणि ते विसरता येत नाही.

दुसरे उदाहरण आम्हांला पुन्हा म्हैसूर मुलखात आणते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. १७८४ मध्ये टिपूने कानडा किनाऱ्यावरील हजारो ख्रिस्ती लोकांना कैद करून घाटावर आणले होते. त्यांच्यातले जे उरले होते, त्यांची मंडळी विस्कटलेली होती. तिची घडी बसवण्यासाठी एका फ्रेंच धर्मगुरूला बोलावण्यात आले. आबे द्युबुआ ह्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९२ मध्ये, दीक्षा मिळताच देश सोडला होता. ह्या मुलखात त्यांनी डोक्याला पागोटे, अंगात देशी वस्त्र आणि हातात काठी असा वेष केला, मांस सोडले आणि लोकांमध्ये लोकांसारखे राहायचे ठरवले. लोक त्यांना ‘दोड्डस्वामी’ म्हणत. हासनजवळ साथळ्ळी येथे युद्धाने उघड्यावर पडलेल्या कुटुंबांची शेतीवस्ती त्यांनी वसवली. शिवाजीनगरच्या त्या देवळाचा आरंभही त्यांच्याच काळातल्या साध्या प्रार्थनामंदिराशी जोडला जातो.

त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र उपासनेशी संबंधित नव्हते. देवीच्या साथीने त्या काळी गावेच्या गावे ओसाड होत. जेन्नरने शोधलेली लस १८०२ च्या जूनमध्ये मुंबईला पोहोचली. त्यानंतर लवकरच म्हैसूर मुलखात द्युबुआ ह्यांनी लस टोचण्याचे काम अंगावर घेतले. गाईपासून आलेली वस्तू, परक्याच्या हातची सुई, देवीचा कोप होण्याची भीती. ह्या सर्वांतून वाट काढत १८०३-०४ मध्ये २५,४३२ लोकांना लस टोचल्याची नोंद आहे. म्हैसूरचे दिवाण तेव्हा पूर्णय्या होते. तेही देशस्थ माध्व ब्राह्मण. टोचलेल्या दंडाला धर्म विचारला गेला नव्हता.

आता ह्याच माणसाची दुसरी बाजू पाहू. एकतीस वर्षांच्या वास्तव्यानंतर १८२३ च्या जानेवारीत द्युबुआ हिंदुस्थान सोडून गेले आणि परतले नाहीत. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांची पत्रे छापून निघाली. त्यांत त्यांनी मोकळेपणाने लिहिले की, इतक्या वर्षांत आपल्या हातून दोनतीनशे माणसे ख्रिस्ती झाली, त्यांतली बहुतेक गरजेपोटी आली, आणि ह्या देशात हे कार्य आता व्यर्थ आहे. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी त्यांना रागारागाने उत्तरे दिली. आम्हांला ह्या कबुलीत एक दुर्मिळ सचोटी दिसते. आपल्या कामाचा अहवाल लिहिताना आकडे फुगवण्याचा मोह कोणाला होत नाही? वरिष्ठांनाच नव्हे, साऱ्या जगाला त्यांनी आपला उणा आकडा सांगितला. पण त्या कबुलीत एक चूकही आहे असे आम्हांला वाटते. त्यांनी हिशेब केला तो कळपात आलेल्यांचा. लस टोचलेल्या पंचवीस हजारांची बेरीज त्यांनी त्या हिशेबात धरली नाही.

सचोटीचा हा माणूसही सर्वत्र सचोटीचा होता असे नाही. हिंदूंच्या चालीरीतींवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १८०७ मध्ये मद्रास सरकारने हस्तलिखितातच २,००० होनांना विकत घेतले आणि १८१६ मध्ये ते इंग्रजीत छापले गेले. ते प्रत्यक्ष अवलोकनाचे फळ म्हणून शतकभर मानले गेले. पुढे सिल्विया मूर ह्या फ्रेंच विदुषीने सिद्ध केले की, त्याचा मोठा भाग कर्दू नावाच्या जुन्या जेझुइट पाद्र्याच्या लेखनावर आधारलेला आहे. द्युबुआ ह्यांनी त्या ऋणाचा उल्लेख केला नाही. माणूस एका कसोटीला उतरला म्हणून सर्व कसोट्यांना उतरतोच असे नाही, हा धडा चरित्रवाचनातून जितका लवकर मिळेल तितका बरा.

द्युबुआ गेले, आणि चौदा वर्षांनी, १८३७ मध्ये, बेंजामिन राइस बंगळूरला आले. लंडन मिशनच्या ह्या पाळकाचे नाव अॅव्हेन्यू रोडवरच्या राइस मेमोरियल चर्चमुळे आजही रोजच्या रहदारीत वाचले जाते. ते इथे पन्नास वर्षे राहिले आणि १८८७ मध्ये इथेच वारले. त्यांच्या चरित्रात हैदर अली नाही, राजपुत्र नाही. आहे ती कन्नड भाषा, शाळांसाठी केलेली कन्नड क्रमिक पुस्तके, कन्नड बायबलाच्या संशोधित भाषांतराचे वर्षानुवर्षांचे काम, आणि मुली शिकल्या तर घर बुडेल असे मानणाऱ्या पेठेत पत्नीने १८४० च्या सुमारास सुरू केलेली मुलींची शाळा. ह्या शाळांत बसलेली बहुतेक मुले ख्रिस्ती झाली नाहीत. ती शिकली आणि आपापल्या घरी गेली. बंगळूरमध्येच जन्मलेला त्यांचा मुलगा लुइस राइस म्हैसूर सरकारच्या शिक्षणखात्यात चढला, मग पुराणवस्तुखात्यात गेला आणि सुमारे ९,००० शिलालेख जमवून ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे खंड काढता झाला. दुसरा मुलगा ई. पी. राइस ह्याने कन्नड साहित्याचा इतिहास लिहिला. जैन बस्ती, शैव मठ, वैष्णव देवळे ह्यांच्या दगडांवरची अक्षरे एका पाळकाच्या मुलाने वाचली आणि कानडी लोकांनी त्याला आपला मानला. वडिलांनी ज्या भाषेत मुक्काम केला, तिचे ते व्याज होते.

ह्या तिघांच्या नंतर आपल्या घरच्या माणसाकडे वळल्याशिवाय आम्हांला लेखणी ठेववत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये राबले, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते सांगत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांच्या आत, ९ मे १९१९ रोजी, ते वारले आणि दरबार फारसा फुलला नाही. परंतु पेत्राच्या पत्रातले दुसरे आणि तिसरे पथ्य त्यांनी किती गंभीरपणे घेतले होते, हे ह्या एका कृतीवरून कळते. पगार घेणारा प्रत्येक पाळक मोलकरी असतो असे नाही. श्वार्ट्झ आणि राइस पगार घेतच होते. पण आपण मोलकरी तर झालो नाही ना, ही शंका ज्याला छळते तोच बहुधा मोलकरी नसतो.

टिळक ‘ज्ञानोदय’ आणि अभंग ह्यांत गढलेले असताना, १९१० मध्ये, एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत तमिळ पाळक वेदनायगम सॅम्युएल अझरिया उभे राहिले आणि त्यांनी परदेशी मिशनऱ्यांना सुनावले. तुम्ही आम्हांला द्रव्य दिले, कष्ट दिले, प्राणही दिले. आता मैत्री द्या, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. उपकार करणारा वरच्या पायरीवरून हात खाली करतो. मित्राला खाली उतरून शेजारी बसावे लागते. ह्याच १९१० साली बंगळूरमध्ये निरनिराळ्या पंथांनी मिळून युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज सुरू केले, आणि पाळक घडवण्याचे काम ह्या शहराच्या वाट्याला आले.

आम्ही त्या धर्माचे नाही, आणि त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु मराठी ख्रिस्ती बांधवांनी ‘पाळक’ हा जो शब्द रूढ केला आहे, त्याच्याविषयी आम्हांला आदर वाटत आला आहे. आपल्या भाषेत गुरे पाळतात, पथ्य पाळतात आणि शब्दही पाळतात. पहिले पाळणे अधिकाराचे आहे. पुढची दोन स्वतःला बांधून घेण्याची आहेत. तंजावरच्या शेतकऱ्याने बैल सोडले ते दुसऱ्या दोन प्रकारच्या पाळण्यावर भरवसा ठेवून.

आमच्यापैकी कित्येकांची पुढची बदली ठरलेली असेल. सामान बांधताना निरोपसमारंभ होईल, हार घातले जातील, भाषणेही होतील. कचेरीतल्या माणसांना ती करावीच लागतात. त्या भाषणांतून आपल्या कारकिर्दीचा अंदाज घेऊ नये. ज्याचे आपल्याकडे काही काम उरलेले नाही आणि पुढेही पडणार नाही, असा इथला एखादा माणूस आपला शब्द खरा होता असे म्हणेल का, एवढे मनाशी विचारून पाहावे. तंजावरच्या त्या संगमरवरातला राजा अद्याप पाळकाचा हात धरून उभा आहे, आणि त्याच्या कपाळी गंध आहे की क्रूस, हे पाहायला कोणी थांबत नाही.